आधुनिक वडवानल

महाभारताच्या आदिपर्वांत और्व ऋषींची कथा आहे. कृतवीर्याच्या वंशजांनीं धनलोभानें भृगुकुळाचा संहार केला. गर्भांतील बालकांसही सोडलें नाहीं. त्या संहारांतून एका मातेनें आपल्या मांडींत लपवून वांचविलेला पुत्र तो और्व. मोठा झाल्यावर कुळाचा सूड घेण्यासाठीं त्यानें असें घोर तप आरंभिलें कीं, त्याच्या तेजानें तिन्ही लोक पोळूं लागले. तेव्हां त्याचे पितर पुढें येऊन त्याला क्रोध आवरण्यास सांगूं लागले. और्व म्हणाला, आतां हा अग्नि बाहेर सोडला नाहीं तर तो मलाच जाळील. पितरांनीं तोड काढली कीं, सारें जग पाण्यावर आधारलें आहे; तेव्हां हा अग्नि पाण्यांतच सोड. और्वानें तसें केलें. घोडीचें मुख धारण करून तो अग्नि समुद्राच्या उदरांत पाणी पीत राहिला, तोच वडवानल.

ही कथा सांगतांना सारा भर और्वाच्या तपावर व पितरांच्या शहाणपणावर पडतो. समुद्राचें पुढें काय झालें हें कोणी विचारीत नाहीं. वैर माणसांचें, सूड माणसांचा, आणि तो ठेवावयास जागा मात्र समुद्राची! विसाव्या शतकांत ही कथा अक्षरशः घडून आली. एकमेकांच्या भयानें व द्वेषानें बलाढ्य राष्ट्रांनीं अणुबाँब निर्माण केले, आणि ते किती जाळतात हें पाहण्यासाठीं त्यांतील कांहीं समुद्राच्या पाण्याखालीं नेऊन उडविले. त्या पाण्यांत राहणाऱ्या जीवांचें काय झालें, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

येथें एखादा वाचक म्हणेल कीं, पारोळ्यासारख्या खानदेशांतील गांवीं बसून समुद्राची चिंता कशाला? येथून समुद्र शंभराहून अधिक मैलांवर. शिवाय आपल्यापैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत मासळी कधीं आलीच नाहीं. शंका रास्त आहे, परंतु तिचें उत्तर आमच्या शिवारांतच आहे. तामसवाडीस जिच्यावर धरण बांधलें आहे ती आमची बोरी नदी तापीस मिळते, आणि तापी सुरतेच्या पुढें डुमसजवळ समुद्रास मिळते. ज्या पावसानें बोरीचे डोह भरतात तो पाऊस समुद्रावरूनच येतो. आणि पानांत सर्वांच्या आधीं वाढलें जाणारें मीठही समुद्राचेंच. समुद्र दूर आहे तो डोळ्यांना, ताटाला नव्हे.

डोहांतील कांडी

पाण्याखालीं स्फोट झाला म्हणजे काय होतें, हें समजण्यासाठीं आधीं अगदीं लहान उदाहरण घेऊं. आमच्या भागांत विहीर खणतांना काळा पाषाण लागला कीं सुरुंग लावावा लागतो. त्याच कामाची जिलेटिनची कांडी चोरून नदीच्या डोहांत टाकावयाची व पांढरीं पोटें वर करून तरंगणारे मासे गोळा करावयाचे, हा दुष्ट प्रकार आपल्या देशांतील पुष्कळ नद्यांवर चालत आला आहे.

हवा दाबली असतां दबते. म्हणून हवेंतील स्फोटाचा धक्का अंतराबरोबर लवकर मंदावतो. पाणी जवळजवळ दबतच नाहीं. तें मिळालेला धक्का जसाच्या तसा पुढें ढकलतें. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यांत सुमारें १,५०० मीटर. माशाचें शरीर बहुतांशीं पाण्यासारखेंच असल्यामुळें हा धक्का त्याच्या कातडीवर न थांबतां सरळ आंत शिरतो. परंतु बहुतेक माशांच्या पोटांत वाताशय नांवाची एक वायूनें भरलेली पिशवी असते. तिच्या योगें मासा पाण्यांत हव्या त्या खोलीवर तरंगत राहूं शकतो. धक्क्याची लाट तेथें पोंचतांच ती पिशवी एकदम चेपते व लागलीच फुगते, आणि फाटते. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या तुटतात. ज्या अवयवाच्या बळावर मासा तरंगतो तोच त्याच्या मृत्यूचें कारण होतो. ज्यांना अशी पिशवी नाहीं ते खेकडे व कोळंबी यांसारखे जीव त्या मानानें अधिक वांचतात. मेलेल्या माशांपैकीं पुष्कळसे तर तरंगतही नाहींत, तळाशीं जातात. म्हणजे कांडी टाकणाऱ्याच्या हातीं लागतात त्यांहून अधिक मासे फुकट मरतात. अंडीं व पिलें मरतात तीं निराळींच. एका दिवसाच्या कालवणासाठीं डोह ओसाड पडतो.

हा प्रकार इंग्रज सरकारच्याही नजरेस आला होता. १८९७ सालच्या भारतीय मत्स्योद्योग कायद्याच्या चौथ्या कलमानें पाण्यांत सुरुंग किंवा दुसरा स्फोटक पदार्थ वापरून मासे मारणें हा गुन्हा ठरविला, आणि त्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशें रुपयांपर्यंत दंड सांगितला. त्याच कलमांत ‘पाणी’ या शब्दाची मर्यादाही दिली आहे: किनाऱ्यापासून एक सागरी लीग, म्हणजे सुमारें साडेतीन मैलपर्यंतचा समुद्र त्यांत धरावा. कायदा करणाऱ्यांस त्यापुढें अधिकार नव्हता. त्यापलीकडचा समुद्र कोणाचाच नव्हता. आणि जें कोणाचेंच नसतें त्याला वालीही कोणी नसतो. हें कलम वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व हकीकतीस मापदंड म्हणून तें उपयोगी पडेल.

बिकिनीचें सरोवर

या कायद्यानंतर एकोणपन्नास वर्षांनीं, प्रशांत महासागरांत, कोणत्याही कोळ्याच्या कल्पनेंत न येणारी कांडी पाण्यांत टाकण्यांत आली. मार्शल द्वीपसमूहांत बिकिनी नांवाचें एक कंकणाकृति प्रवाळद्वीप आहे. भोंवतीं पोंवळ्यांच्या भिंतीवर चिमुकल्या बेटांची माळ व मध्यें शांत खाऱ्या पाण्याचें सरोवर, अशी त्याची ठेवण आहे. मार्च १९४६ मध्यें अमेरिकन आरमारानें तेथील १६७ रहिवाशांस राँगेरिक नांवाच्या दुसऱ्या प्रवाळद्वीपावर हलविलें. मानवजातीच्या कल्याणासाठीं ही जागा हवी आहे असें त्यांस सांगण्यांत आलें. थोड्या काळानें आपण परत येऊं अशा समजुतीनें ते गेले.

सरोवरांत नव्वदांहून अधिक जुनीं जहाजें नांगरून ठेवलीं होतीं. त्यांत जपानच्या आरमाराचें ‘नागातो’ हें सुप्रसिद्ध लढाऊ जहाज होतें व अमेरिकेचें ‘साराटोगा’ हें विमानवाहू जहाज होतें. कित्येक जहाजांवर डुकरें व उंदीर बांधून ठेवले होते. १ जुलै रोजीं पहिला बाँब विमानांतून टाकून हवेंत उडविला. दुसरा बाँब, ज्याला ‘बेकर’ असें नांव होतें, एका होडीखालीं टांगून पाण्यांत ९० फूट खोल सोडला. सरोवराची खोली सुमारें १८० फूट. म्हणजे तो बरोबर मध्यावर होता. २५ जुलै १९४६ रोजीं सकाळीं तो उडविला. त्याची शक्ति सुमारें २३,००० टन टी. एन. टी. इतकी होती.

क्षणार्धांत सुमारें वीस लाख टन पाणी एका पोकळ स्तंभाच्या रूपानें आकाशांत चढलें. त्याची रुंदी सुमारें दोन हजार फूट व उंची एक मैलाहून अधिक होती. तळाची वाळू व पोंवळीं त्याबरोबर वर गेलीं आणि तळास मोठा खळगा पडला. कांहीं जहाजें तेव्हांच बुडालीं. ‘साराटोगा’ त्याच दिवशीं व ‘नागातो’ चार-पांच दिवसांनीं तळास गेलें. जें डोहांत कांडीनें होतें तेंच येथें सरोवरभर झालें.

परंतु कांडी व बाँब यांत एक मोठा भेद आहे. कांडीचा धक्का एकदां गेला कीं गेला. पुढच्या पुरांत वरच्या डोहांतील मासे खालीं येतात व डोह पुन्हां नांदतो. बाँबचा धक्का हा केवळ आरंभ असतो. हवेंत उंचावर उडविलेल्या बाँबचें किरणोत्सर्गी द्रव्य बरेचसें वर निघून जातें व दूरवर पांगतें. येथें तें पाण्यानें धरून ठेवलें. स्तंभ कोसळतांच त्याच्या पायथ्यापासून तुषारांचा दाट ढग चोहोंकडे लोळत गेला व साऱ्या जहाजांवर पसरला. पुढें खलाशांनीं ब्रशांनीं घांसून, साबणानें धुवून तीं जहाजें स्वच्छ करण्याची खटपट केली. परंतु तें विष रंगांत, गंजांत, दोरखंडांत मुरलें होतें, निघेना. जहाजें धुण्यास लागणारें पाणी तरी कोठलें? त्याच सरोवराचें!

माशानें काढलेलें छायाचित्र

धोका किती आहे हें प्रथम अधिकाऱ्यांस पटेना, कारण डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें. पाणी पुन्हां निळें झालें होतें. किरणोत्सर्गापासून सुरक्षितता राखण्याचें काम कर्नल स्टॅफर्ड वॉरन या डॉक्टरांकडे होतें. त्यांनीं सरोवरांतील एक मासा चिरून, वाळवून छायाचित्राच्या कांचेवर अंधारांत ठेवविला. दिवा नाहीं, भिंग नाहीं. तरी त्या कांचेवर माशाची आकृति उमटली. पोटाचा भाग सर्वांत ठळक होता, कारण नुकतेंच खाल्लेलें शेवाळ तेथें होतें. त्या माशानें आपल्या पोटांतील विषाचें छायाचित्र आपणच काढलें! हा पुरावा पाहून ऑगस्ट १९४६ मध्यें काम थांबविण्यांत आलें आणि ‘चार्ली’ नांवाची तिसरी, अधिक खोल पाण्यांतील ठरलेली चाचणी रद्द झाली. सेनापतींच्या मताहून एका मुक्या जीवाची साक्ष अधिक बळकट ठरली.

या साक्षीचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. समुद्र अफाट आहे, त्यांत टाकलेलें विष पातळ होऊन नाहींसें होईल, असा एक समज तेव्हां होता व आजही आहे. गृहिणींच्या भाषेंत सांगावयाचें तर, पातेलेंभर आमटींत चुकून पडलेलें जास्तीचें मीठ आणखी पाणी घातलें म्हणजे कळेनासें होतें, तसेंच हें. परंतु समुद्र म्हणजे नुसतें पातेलें नव्हे. तो सजीवांचा संसार आहे. त्यांतील प्रत्येक जीव आपल्याला हवें तें द्रव्य पाण्यांतून वेंचून आपल्या शरीरांत सांठवीत असतो. शिंपला व पोंवळें कॅल्शियम वेंचतात, शेवाळें आयोडिन वेंचतात, मासे जस्ताचा अंश वेंचतात. चांगलें आणि विषारी यांतला भेद त्यांना करतां येत नाहीं. स्ट्राँशियम हें द्रव्य कॅल्शियमसारखें असल्यामुळें तें हाडांत व शिंपल्यांत जाऊन बसतें. सीझियम हें पोटॅशियमसारखें असल्यामुळें मांसांत जातें. सूक्ष्म तरंगणारे जीव पाण्यापासून विष घेतात, त्यांना बारीक मासे खातात, बारीक माशांना मोठे खातात. माणूस पाण्यांत विष पातळ करूं पाहतो, आणि समुद्रांतील जीव तें कणकण गोळा करीत असतात. बुडालेल्या व तरंगत्या जहाजांच्या तळांना चिकटलेलें शेवाळ व कवचधारी जीव हे भोंवतालच्या पाण्यापेक्षां कितीतरी अधिक किरणोत्सर्गी आढळले, तें याच कारणानें.

१९४७ सालीं शास्त्रज्ञांची एक मोठी तुकडी बिकिनीस पुन्हां पाहणीसाठीं गेली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मत्स्य-प्रयोगशाळेचे लॉरेन डोनाल्डसन व त्यांचे सहकारी यांनीं तेथील मासे, खेकडे, शेवाळें यांची परीक्षा पुढें अनेक वर्षें चालविली. समुद्रांतील किरणोत्सर्गाचें आजचें पुष्कळसें ज्ञान अशाच पाहण्यांतून मिळालें; परंतु त्या ज्ञानाची किंमत कोणी दिली, हें विसरून चालणार नाहीं.

आणखी सात स्फोट

अनुभवानें माणूस शहाणा होतो असें म्हणतात. परंतु बिकिनीनंतरही पाण्याखालीं आणखी सात अणुस्फोट झाले: चार अमेरिकेचे, तीन रशियाचे. १४ मे १९५५ रोजीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारें पांचशें मैलांवर खोल समुद्रांत, २,००० फूट खालीं, ३०,००० टन शक्तीचा बाँब उडविण्यांत आला. त्यास ‘विगवॅम’ म्हणत. जागा निवडतांना जेथें मासळी विरळ आहे असा भाग समुद्रशास्त्रज्ञांकडून पाहून घेतला होता. म्हणजे समुद्रास इजा होते हें तोंवर मान्य झालें होतें, फक्त ती कोठें करावी एवढाच प्रश्न उरला होता. १९५८ च्या मे व जूनमध्यें एनिवेटॉक येथें दोन, आणि मे १९६२ मध्यें कॅलिफोर्नियापलीकडे खुल्या समुद्रांत पाणबुडीविरोधी अस्त्राचा एक, असे स्फोट झाले. रशियानें उत्तर ध्रुवाकडील नोवाया झेम्ल्या बेटाच्या ‘काळ्या उपसागरां’त १९५५, १९५७ व १९६१ सालीं असे प्रयोग केले. त्या उपसागराच्या तळच्या गाळांत पुढें प्लुटोनियमचें मोठें प्रमाण सांपडलें. प्लुटोनियमचा जो प्रकार बाँबसाठीं वापरतात तो निम्मा होण्यास सुमारें २४,००० वर्षें लागतात. आपल्या वेदांचा काळ कितीही मागें नेला तरी एवढा लांब हिशेब करण्याची आपणांस सवय नाहीं.

मासळीबाजारांतील मोजणी

या गोष्टी जगाच्या घराघरांत पोंचल्या त्या मात्र एका निराळ्या स्फोटानें. तो पाण्याखालीं नव्हता, प्रवाळाच्या खडकावर होता. परंतु त्याचा परिणाम समुद्रावरच झाला, म्हणून तो येथें सांगणें अवश्य आहे. १ मार्च १९५४ रोजीं बिकिनी येथेंच ‘ब्राव्हो’ हा हायड्रोजन बाँब उडविला. त्याची शक्ति दीड कोटि टन टी. एन. टी. इतकी होती. खडकांत सव्वा मैल रुंदीचा खड्डा पडला, आणि तेथील पोंवळीं भाजून त्यांची पांढरी राख आकाशांत गेली. कित्येक मैल दूर मासे धरणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारु’ या जपानी बोटीवर ती राख हिंवाळ्यांतील बर्फासारखी पडूं लागली. बोटीवरचे २३ जण आजारी झाले. त्यांपैकीं रेडिओ सांभाळणारे कुबोयामा हे २३ सप्टेंबर रोजीं वारले. त्यानंतर जपानच्या बंदरांत येणारी मासळी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रानें तपासण्यांत येऊं लागली, आणि शेंकडों टन ट्यूना मासे टाकून द्यावे लागले. ज्या देशांत मासा हें रोजचें अन्न, तेथें बायका बाजारांतून हात हालवीत परत येऊं लागल्या.

त्याच वर्षीं जपाननें ‘शुन्कोत्सु मारु’ हें जहाज शास्त्रज्ञांसह पाहणीस पाठविलें. समुद्रप्रवाहाबरोबर विष दूरवर वाहत गेल्याचें त्यांस आढळलें; पाण्यांत, सूक्ष्म जीवांत व माशांतही तें सांपडलें. विशेष हें कीं, माशांच्या शरीरांत जस्ताचा एक किरणोत्सर्गी प्रकार सांपडला. तो अणु फुटून निघालेल्या द्रव्यांपैकीं नव्हता. स्फोटाच्या माऱ्यानें साधें जस्तच विषारी झालें होतें. शास्त्रज्ञांनीं ज्याची अपेक्षा केली नव्हती तें माशांनीं बरोबर शोधून काढलें होतें.

मुंबईचे एक डॉक्टर

या प्रकरणांत आपल्या देशानें केलेलें काम अभिमान वाटावा असें आहे, आणि त्यांत एका मराठी विद्वानाचा वाटा आहे. ‘ब्राव्हो’च्या स्फोटानंतर महिनाभरांतच, २ एप्रिल १९५४ रोजीं, पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं लोकसभेंत सर्व राष्ट्रांनीं अणुचाचण्या थांबवाव्या अशी सूचना मांडली. अशी मागणी करणाऱ्या पहिल्या राष्ट्रप्रमुखांत त्यांची गणना होते. पुढें डॉ. दौलतसिंह कोठारी यांनीं डॉ. होमी भाभा व मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या साह्यानें अणुस्फोटांच्या परिणामांवर एक ग्रंथ सिद्ध केला. तो १९५६ सालीं भारत सरकारनें प्रसिद्ध केला. ज्या काळीं चाचण्या करणारीं राष्ट्रें माहिती दडवीत होतीं, त्या काळीं चाचणी न केलेल्या एका गरीब देशानें ती सामान्य वाचकांपुढें मांडली.

डॉ. खानोलकर (१८९५–१९७८) हे रोगनिदानशास्त्रज्ञ. मुंबईच्या टाटा रुग्णालयांत त्यांनीं कर्करोगाचा अभ्यास केला व १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभें केलें. डिसेंबर १९५५ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं किरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करण्यासाठीं पंधरा राष्ट्रांची शास्त्रीय समिति नेमली. तींत भारत होता व भारताचे प्रतिनिधि डॉ. खानोलकर होते. १९५८ सालीं त्या समितीचा पहिला अहवाल निघाला. हवेंतील चाचण्यांचें स्ट्राँशियम पावसाबरोबर गवतावर, गवतांतून गाईच्या दुधांत व दुधांतून मुलांच्या हाडांत जातें, ही सांखळी त्या वर्षांत स्पष्ट झाली. अमेरिकेंत सेंट लुई शहरीं १९५८ च्या अखेरीपासून आयांनीं आपल्या मुलांचे पडलेले दुधाचे दांत तपासणीसाठीं हजारोंनीं पाठविले, आणि त्यांत तें सांपडलें. मासळी न खाणाऱ्या घरासही हा विषय परका नाहीं, हें यावरून दिसून येईल. मासा, गवत व दांत हीं तिन्ही एकच गोष्ट सांगत होतीं.

१९६२ सालीं चक्रवर्ती राजगोपालाचारी हे वयाच्या चौऱ्यांशींव्या वर्षाच्या घरांत असतां अमेरिकेस गेले व अध्यक्ष केनेडी यांस भेटून चाचण्या बंद करण्याविषयीं त्यांनीं त्यांचें मन वळविण्याचा यत्न केला. अखेर ५ ऑगस्ट १९६३ रोजीं मॉस्को येथें अमेरिका, रशिया व ब्रिटन यांनीं करार केला. त्यानें हवेंत, अंतराळांत व पाण्याखालीं अणुस्फोट करण्यास बंदी झाली. भारतानें तीनच दिवसांनीं, ८ ऑगस्ट रोजीं, त्यावर सही केली; १० ऑक्टोबरपासून तो अंमलांत आला. १८९७ च्या कलमांत साडेतीन मैलांवर थांबलेलें ‘पाणी’ आतां साऱ्या महासागराएवढें झालें. डोहांतल्या चोराला जें नाकारलें होतें तें राष्ट्रांनाही नाकारण्यास मनुष्यजातीला सहासष्ट वर्षें लागलीं.

करारांतील पळवाट

परंतु करारांत एक पळवाट राहिली: जमिनीखालीं स्फोट करण्यास मनाई नव्हती. आणि जमीन कोणती हें कोणीं विचारलें नाहीं. अमेरिकेनें अलास्काजवळील अमचिटका या बेटाच्या पोटांत ६ नोव्हेंबर १९७१ रोजीं सुमारें पन्नास लाख टन शक्तीचा बाँब उडविला. बेट लहान, भोंवतीं समुद्र. भूमीचा धक्का पाण्यांत उतरला, आणि किनाऱ्यावरील समुद्री ऊदमांजरें शेंकडोंनीं मेलीं. ज्या प्राण्याची जात शिकारीनें संपत आली असतां मोठ्या कष्टानें वांचविली होती, त्याच प्राण्यावर ही आपत्ति आली. फ्रान्सनें तर १९६३ च्या करारावर सहीच केली नाहीं. १९६६ पासून २७ जानेवारी १९९६ पर्यंत मुरुरोआ व फांगाटाउफा या प्रवाळद्वीपांवर त्यानें १९३ स्फोट केले. आधीं हवेंत, आणि मग सरोवरांच्या तळाखालील खडकांत भोकें पाडून.

आपल्या देशानेंही १८ मे १९७४ रोजीं, आणि ११ व १३ मे १९९८ रोजीं, पोखरणच्या वाळवंटांत भूमीखालीं स्फोट केले. त्यांच्या योग्यायोग्यतेविषयीं घरोघर मतभेद आहेत, व देशाच्या संरक्षणाचा प्रश्न एका लेखांत सुटण्यासारखा नाहीं. एवढें मात्र निश्चित कीं, १९६३ सालीं दिलेला शब्द भारतानें पाळला. पाण्यांत किंवा हवेंत एकही स्फोट केला नाहीं. शक्ति मिळाल्यावर शब्द पाळणें हें शक्ति नसतांना पाळण्याहून कठीण असतें. म्हणून ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

समुद्र बरा झाला काय?

कोणी म्हणेल, एवढें सगळें होऊनही समुद्र पुन्हां बरा झालाच ना? या प्रश्नाचें उत्तर बिकिनीनेंच दिलें आहे, आणि तें दुहेरी आहे. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत शास्त्रज्ञांस तेथें पोंवळ्यांच्या १८३ जाती आढळल्या. ‘ब्राव्हो’च्या खड्ड्यांतही पंचवीस फूटांहून उंच वाढलेलीं पोंवळीं दिसलीं. निसर्गाची ही उदारता पाहून मन थक्क होतें. परंतु त्याच पाहणींत असेंही निघालें कीं, चाचण्यांपूर्वीं तेथें असलेल्या २८ जाती तेथून नाहींशा झाल्या आहेत. शिवाय मासे व पोंवळीं परत आलीं याचें एक कारण असें कीं, तेथें माणूस नाहीं. जाळें टाकणारा नाहीं, बंदर बांधणारा नाहीं. जीं माणसें गेलीं तीं परत नांदलीं नाहींत. कांहीं कुटुंबें पुन्हां जाऊन राहिलीं होतीं. परंतु नारळांत व खेकड्यांत सीझियम फार आहे व तें त्यांच्या शरीरांत वाढत आहे असें दिसून आल्यावर १९७८ सालीं त्यांस पुन्हां हलवावें लागलें. २०१० सालीं युनेस्कोनें बिकिनीला जागतिक वारशाचा मान दिला. ज्यांचा तो वाडवडिलार्जित वारसा, ते मात्र परक्या बेटांवर राहतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आपल्या वाचकांस वडिलोपार्जित घर सुटणें म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको.

तेव्हां समुद्र बरा झाला असें म्हणण्याऐवजीं, समुद्रानें सोसलें असें म्हणावें. सोसणाराचें सोसणें पाहून पुन्हां मारण्याची परवानगी मिळत नसते.

ऐकणारे कान

१९९६ सालीं सर्व प्रकारच्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा नवा करार संयुक्त राष्ट्रांत सह्यांसाठीं ठेवण्यांत आला. तो अजून अंमलांत आलेला नाहीं. भारतानें त्यावर सही केलेली नाहीं. अमेरिकेनें सही केली पण मंजुरी दिली नाहीं. आणि रशियानें दिलेली मंजुरी २०२३ सालीं परत घेतली. म्हणजे समुद्राचें रक्षण आज मुख्यतः त्या १९६३ च्या करारावर व राष्ट्रांच्या लाजेवर उभें आहे.

तरी त्या नव्या करारापायीं एक काम झालें आहे. कोणी चोरून स्फोट केला तर कळावें म्हणून महासागरांत ध्वनि ऐकणारीं अकरा ठाणीं उभारलीं आहेत. आपल्या हिंदी महासागरांत दिएगो गार्सियाजवळ त्यांपैकीं एक आहे. ज्या गुणामुळें पाण्यांत स्फोटाचा धक्का दूरवर मारतो, त्याच गुणामुळें पाण्यांत ध्वनि हजारों मैल ऐकूं जातो. बाँब ऐकण्यासाठीं ठेवलेल्या या कानांनीं दुसरेंच कांहीं ऐकलें. सुमारें दोन दशकांच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं जाहीर केलें कीं, हिंदी महासागरांत निळ्या देवमाशांचा एक स्वतंत्र कळप आहे, आणि त्याचें गाणें इतरांपेक्षां वेगळें आहे. एवढे प्रचंड प्राणी आपल्या समुद्रांत शेजारीं राहत होते व आपणांस ठाऊक नव्हते! पाण्याखालचा एक स्फोट अशा किती अपरिचितांना मुकें करील, याची कल्पना यावरून करावी.

घरांतील वडीलधाऱ्यांनीं या विषयाचा काय उपयोग करावा? भूगोलाचा गोल मुलांपुढें असेल तेव्हां त्यावर मुंबई व लंडन यांच्याबरोबर बिकिनीही दाखवावें, आणि तेथील लोक कां परत गेले नाहींत हें सांगावें. डॉ. खानोलकरांचें नांव मुलांना माहीत करून द्यावें. आणि आपल्या नदीवर उन्हाळ्यांत कोणी कांडी टाकीत असेल तर तो किरकोळ प्रकार समजून तोंड फिरवूं नये. ग्रामपंचायतीस व पोलिसांस कळवावें. डोहांतील कांडी ज्या गांवाला सहन होते, त्या गांवानें महासागरांतील बाँबविषयीं हळहळ दाखविणें शोभत नाहीं.

और्वाला त्याच्या पितरांनीं वेळीं अडविलें, म्हणून तिन्ही लोक वांचले. परंतु भार पाण्यावर पडला. पितरांहून आपणांस आज एक गोष्ट अधिक ठाऊक आहे: पाण्यांत टाकलेला अग्नि विझत नाहीं, तो माशाच्या पोटांत, नारळाच्या पाण्यांत, तळच्या गाळांत बसून राहतो. तेव्हां क्रोध ठेवण्याला जागा शोधण्यापेक्षां तो आवरण्याची विद्या शिकविणें, हेंच यापुढील पितरांचें काम होय.